‘वय अधिक शंभर’ हा बीपीचा हिशेब नव्हे

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला: ‘वयात १०० मिळवा, तेवढं बीपी नॉर्मल. डोकं दुखत नसेल तर गोळी नको. मशीन दरवेळी वेगळा आकडा दाखवतं, त्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात बीपी आपोआप उतरतं, गोळ्या बंद करा.’ खाली भराभर अंगठे.

वय अधिक शंभर हे एकेकाळी डॉक्टरही सांगत. वयाबरोबर धमन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो, हे खरंच आहे. पण चढतो म्हणून तो चालतो, असं कुठाय? वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त आणि खालचा ९० च्या आत, अशा साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी. मेसेजच्या हिशेबाने सत्तरीतला १७० वाला ठणठणीतच की!

डोकेदुखीचं म्हणाल, तर वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. लक्षणाची वाट पाहणाऱ्याला पहिलं लक्षण म्हणून पक्षाघातच यायचा.

मशीनचा आकडा बदलतो, कारण बीपीच क्षणाक्षणाला बदलतं. शिवाय आपण ते मोजतो कसं? आमच्याकडे फिरून, तर्री-पोहे नि चहा झाल्यावर कोणीतरी गाडीच्या डिक्कीतून मशीन काढतो. पाय लोंबकळत, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा, हात खाली सोडलेला, आणि तोंडाने रस्त्यांच्या खोदकामावर भाषण चालू. हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला तरी आकडा ७-८ ने जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, लघवी तुंबलेली असली, तरी आकडा फुगतो. बिचाऱ्या मशीनचा काय दोष?

अर्धा तास आधी चहा, सिगारेट, चालणं नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, लिहून ठेवा. असं आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. वाढलेल्या बीपीची दवाखान्यात १४०/९० ही सर्वसाधारण रेघ, घरच्या सरासरीला १३५/८५. हा फरक यासाठी, की डॉक्टरांचा कोट दिसला की काहींचं बीपी तिथेच चढतं.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र निम्मी खरी आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी जातं, बीपी उतरतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नागपूरच्या ४५ अंशांत खुर्चीवरून उठताना गरगरतंही. पण म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. बसून एकदा आणि उभं राहून एकदा असे दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. डोस कमी करायचा की गोळीच बदलायची, ते त्यावरून ठरवतील.