पराभव पाहण्यास जाताना घ्यावयाची काळजी

आपला फुटबॉल संघ हरताना पाहायचा असेल, तर सोलापूरकराने घरबसल्या पाहू नये. टीव्हीवरचा पराभव फुकट पडतो आणि फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही. म्हणून रीतसर रजा टाकावी, तिकिटाचे पैसे मोजावेत आणि रात्रीच्या गाडीने विजापूर, बेळगाव करीत, हाडे खिळखिळी होईपर्यंत प्रवास करून मडगाव गाठावे. तेथील फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत सिंगापूरशी खेळला. पुढील सूचना त्या अनुभवातून सुचल्या आहेत.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यावी. पोळी दुसऱ्या दिवशी मान टाकते, कडक भाकरी टाकत नाही. चाहत्याच्या आशेशी स्वभावाने जुळणारा असा दुसरा पदार्थ आमच्या जिल्ह्यात नाही. चादरही असू द्यावी. जाताना ती थंडीसाठी लागते, येताना तोंडावर ओढून घेण्यासाठी.

निघण्यापूर्वी गुणतक्ता चुकूनही पाहू नये. चार संघांच्या गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि आपल्या खात्यावर तीन सामन्यांत दोन गुण होते, विजय एकही नव्हता, हे ज्याने वाचले असेल तो गाडीत बसेलच कशाला? वाचायचेच असेल, तर १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील आपला चौथा क्रमांक आणि १९६२च्या आशियाई खेळांतले सुवर्णपदक यांची उजळणी करावी. (त्या वेळी आपला जन्मही झालेला नव्हता, ही अडचण कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.)

सामन्यात सर्वांत जपावे ते पहिल्या गोलाच्या वेळी, म्हणजे तो आपण केला असेल तर. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून चेंडू जाळ्यात धाडला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना आम्ही अशी मिठी मारली, की त्यांच्या हातातला चहा आमच्या नव्या निळ्या जर्सीवर सांडला. पुढचा अर्धा तास, मुख्य स्पर्धा जेथे ठरली होती त्या सौदी अरेबियाच्या प्रवासखर्चाचा हिशेब करण्यात गेला. मध्यंतराला मिनिटभर उरले असताना सिंगापूरच्या सोंग उई-यंग याने बरोबरी साधली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. येथून चाहत्याची खरी कामगिरी सुरू होते. ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य साठाव्या मिनिटाला खणखणीत आवाजात, पंचाहत्तराव्याला जरा बेताने आणि नव्वदाव्याला पंचाने वाढवून दिलेल्या वेळेकडे बोट दाखवून म्हणावे. गोल होत नाही, परंतु घसा बसतो आणि परतीच्या प्रवासात कोणाशी बोलावे लागत नाही.

गावात परतल्यावर मात्र सुटका नसते. कोपऱ्यावरचा पानवाला ‘काय ओ, गोव्याला जाऊन नुसतं हरून आलाव का?’ असे विचारतो, जणू बचावफळीत आपणच उभे होतो. त्यावर खुलासा करू नये; जर्सीवरचा डाग पाहून निम्म्या गल्लीची तशी खात्री झालेलीच असते.

उरलेली भाकरी डब्यात जपून ठेवावी. आम्ही ती १८ नोव्हेंबरला, भारत ढाक्यात बांगलादेशाशी खेळला तेव्हा, टीव्हीसमोर बसून काढली. अकराव्या मिनिटाला त्यांचा गोल झाला आणि तो एकच पुरला. भाकरी तोवर कडकच होती.