९एच म्हणजे हिरा नव्हे, पेन्सिल

बडोद्यातल्या मांजलपूरच्या माझ्या मामांनी दिवाळीत गडद निळी गाडी घेतली आणि लगेच २८ हजार रुपये भरून तिच्यावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर मारायचा पातळ पारदर्शक संरक्षक थर, करून घेतलं. परवा मी गेले तेव्हा ऊन बॉनेटवर तिरपं पडलं होतं आणि त्यात बारीक गोल रेघांचं जाळं स्पष्ट दिसत होतं. गाडी जेमतेम चार महिन्यांची. विचारलं तर मामा म्हणाले, "अगं, आम्ही तर रोज पुसून घेतो." आणि मोबाइल काढून त्यांनी मला एक मेसेज दाखवला.

तोच मेसेज आमच्या दांडिया बाजारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलाय, कारखान्याच्या ग्रुपवर एकदा. त्यातलं म्हणणं असं: कोटिंग ९एच कडकपणाचं, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे रोज कोरड्या फडक्याने पुसलं तरी ओरखडा पडत नाही. गाडी धुवायची गरज नाही, पाऊस पडला की ती आपोआप स्वच्छ होते. दगड लागला तरी टवका उडत नाही. पाच थर मारले की आयुष्यभराची काळजी मिटली. कोटिंग केलेली गाडी पुरातही गंजत नाही. आणि उन्हाने रंग उडत नाही.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत रंगकामाच्या तपासणीवर १४ वर्षं आहे. ९एच हा शब्द ज्या चाचणीतून येतो ती चाचणी मी स्वतःच्या हाताने करते, म्हणून पहिल्या मुद्द्यावर मला गप्प बसवत नाही.

ही चाचणी पेन्सिलीची आहे. आयएसओ १५१८४ हे तिचं मानक. शाळेत चित्रकलेला वापरतो तशाच पेन्सिली, ९बी या सर्वांत मऊपासून ९एच या सर्वांत कडकपर्यंत. शिशाचं टोक पॉलिश कागदावर घासून सपाट करायचं, पेन्सिल ४५ अंशांत धरायची, वर ७५० ग्रॅमचा भार ठेवायचा आणि रंगावरून पुढे ढकलायची. ज्या सर्वांत कडक पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, तो त्या रंगाचा पेन्सिल-कडकपणा. ९एच म्हणजे डब्यातली शेवटची पेन्सिलही रंगावर उठली नाही, एवढंच. शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. हिऱ्याचा इथे संबंधच कुठे आला?

हिरा येतो तो मोह्स नावाच्या खनिजतज्ज्ञाच्या कडकपणाच्या मापात. ते १८१२ सालचं आणि खनिजांसाठी आहे. त्यात हिरा १०, माणकाचं खनिज ९, क्वार्ट्झ ७. कोणीतरी पेन्सिलीचा ९ उचलून खनिजांच्या ९ शेजारी ठेवला आणि लोकांच्या गाड्या त्यावर पुसल्या जाताहेत. बहुतेक सिरॅमिक कोटिंगचा आधार सिलिका. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत जी वाळू असते, तीही सिलिका, क्वार्ट्झच्या रूपात. हा पातळ थर फार तर काचेसारखा, आणि काचेचा आकडा साधारण साडेपाच. म्हणजे वाळूचा कण कोटिंगपेक्षा कडक आहे. बुलेट ट्रेनच्या कामापासून सोसायटीतल्या खोदकामापर्यंत बडोद्यात धुळीला तोटा नाही. ती रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी सात वाजता एक मुलगा तेच फडकं दहाव्या गाडीवरून फिरवून मामांच्या बॉनेटवर आणतो. कोरडं फडकं आणि त्यात वाळू, हा पॉलिश कागदच झाला.

त्यात जाडीही बघा. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो, त्यातला वरचा पारदर्शक थर ४० ते ५०. माणसाचा केस ७०च्या आसपास. आणि कोटिंग? एक-दोन मायक्रॉन. मऊ रंगावर बसलेला इतका पातळ पापुद्रा, खालचा रंग दबला की तोही दबतो. काचेच्या किंवा पोलादी पट्टीवर मिळालेला ९एच तुमच्या दारावर तसाच मिळेल, असं कोणी समजू नये.

नुकसान इथे थांबत नाही, म्हणून मला जास्त राग येतो. त्या रेघा काढायच्या तर पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिशने सर्वांत आधी कोटिंगच निघतं. म्हणजे मामांच्या बॉनेटवरचे पैसे गेले, वर पारदर्शक थरही थोडा झिजणार. तो थर पुन्हा उगवत नाही.

पावसाने गाडी स्वच्छ होते, हा दुसरा मुद्दा. कोटिंगवर पाण्याचे गोल थेंब होतात आणि घरंगळतात, ते बघायला छान दिसतं. पण छतावर, बॉनेटच्या सपाट भागावर थेंब बसून राहतात आणि उन्हात तिथेच सुकतात. त्यातले क्षार मग गोल डाग होऊन उरतात. मामांच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. नळाच्या तोट्यांवर चढलेला पांढरा थर मामी दर महिन्याला खरवडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी त्यापुढे असेल तर दुपारी पाइप मारून गाडी उन्हात सोडणं म्हणजे डागांना निमंत्रण. कोटिंगवरही डाग पडतात, आणि वेळेत काढले नाहीत तर बसतात. सावलीत धुवा, शेवटचं पाणी महापालिकेच्या नळाचं घ्या, लगेच मायक्रोफायबरने टिपा. धुणं सोपं होतं हे खरं. धुणं संपत नाही.

दगड आणि टवका: एक-दोन मायक्रॉनचा थर दगड अडवणार नाही. त्यासाठी पीपीएफ असते, १५० ते २०० मायक्रॉन जाड पारदर्शक फिल्म. ती वेगळी वस्तू, तिची किंमतही वेगळी.

पाच थरांबद्दल. आमच्याकडच्या जाडी मोजायच्या यंत्रात दोन-तीन मायक्रॉनचा फरक नेहमीच पडतो. एकेक थर मोजून दाखवतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि "आयुष्यभर" म्हणाल तर मामांचं हमीपत्र मी मागच्या बाजूने वाचलं. ओरखडे, दगडाचे टवके, पाण्याचे डाग वगळलेले. दरवर्षी त्याच दुकानात पैसे भरून तपासणी, एक वर्ष चुकलं की हमी रद्द. मेसेज ज्याची खात्री देतो, नेमकं तेच हमीपत्रात नाकारलंय.

पुराचं वाचून मात्र मी सुन्न झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची २६ फुटांची पातळी किती मागे टाकली, ते इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. बुडालेल्या गाड्यांचे मालक महिनोन्‌महिने विमा आणि गॅरेज यांच्यात हेलपाटे घालत होते. गंज लागतो तो तळाला, दारांच्या आतल्या कडांना, पत्र्यांच्या सांध्यांना, तारांच्या जोडांना. कोटिंग बाहेरच्या रंगावर असतं, तिथे ते पोचतच नाही. अशा शहरात हे वाचून कोणी गाडी उंचावर न्यायचा कंटाळा केला तर?

उन्हाचा मुद्दा, ठीक आहे, अर्धा खरा. पारदर्शक थरात अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं मुळातच असतात, कोटिंगने त्यात थोडी भर पडते. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक याबाबतीत खरा फायदा आहे: डाग खोल जायला वेळ लागतो आणि ओल्या फडक्याने लवकर निघतो. वडांच्या या गावात गाडी वडाखाली लावणाऱ्याला तो फायदा नक्की कळेल. म्हणून कोटिंग करूच नका असं मी म्हणत नाही. करायचं तर दुकानात ९एच आणि थर विचारू नका. आधी रंग कसा साफ करणार, रबिंग-पॉलिश करणार का आणि किती, ते विचारा, कारण खालच्या रेघा कोटिंगखाली तशाच राहतात. किती दिवस पाणी आणि शाम्पू लावायचा नाही तेही विचारा. आणि घरी गाडी कोण धुतो, कुठल्या पाण्याने, याचं उत्तर स्वतःकडे तयार ठेवा.

मामांकडे आता दोन बादल्या ठेवल्यात, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची, गाडी धुवायच्या कापडातली वाळू खाली बसायला. सकाळच्या मुलाला त्याचे पैसे तसेच मिळतील, पण फडकं नाही. तुमच्याही गाडीवर कोणी रोज कोरडं फडकं मारत असेल तर उद्या त्याला थांबवा. धुवायला पाणी नसेल तर धूळ तशीच राहू द्या. घासली नाही तोवर ती रेघ ओढत नाही.