दारू सुटली तरी मुलाकडे बघा
‘बापाची दारू सुटली की मुलं आपोआप सावरतात’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य पटलं नाही. कडीचा आवाज, चपला काढायची पद्धत, पहिल्या शब्दाचा सूर यांवरून आज घरात काय होणार हे हेरायची सवय मुलाला लागलेली असते. ती बाटलीबरोबर जात नाही. त्यात सोडल्यानंतरचे पहिले काही महिने बरेचदा चिडचिडीचे, झोप उडालेले असतात. गप्प, अभ्यासू, धाकट्यांना जेवू घालणारं मूल तर कुणाच्या नजरेतच येत नाही. उलट शाबासकी मिळते!

आणि एक राहिलंच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, २ ते ४ दिवसांत भ्रम होऊ शकतो. हे मुलासमोर घडलं की ‘मी बाटली ओतून टाकली म्हणून झालं’ असं ते धरून बसतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि बाटल्या शोधायला मुलाला लावू नये. पिऊन बेशुद्ध पडलेल्याला उताणं न ठेवता कुशीवर वळवायचं (उलटी श्वासनलिकेत जाते), एवढं मात्र कळत्या मुलाला शिकवून ठेवावं. फोन कुणाला करायचा, तेही.