प्रशिक्षक सोडून जाताना प्रसन्न कसे राहावे

वाचकहो, आपल्या गावातील विद्यापीठाचा बेसबॉल संघ सलग तीन-चार वर्षे जिंकू लागला असेल, तर आनंद आवरता घ्या आणि निरोप समारंभाची तयारी सुरू करा. हरणारा प्रशिक्षक आपणहून कुठेही जात नाही, त्याला घालवावे लागते. जिंकणारा मात्र आपल्याकडे केवळ उतरलेला असतो आणि त्याची पुढची गाडी कधी सुटणार, एवढे सोडून बाकी सर्व गोष्टी आपल्याला वेळच्या वेळी कळत असतात. या विषयावर मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला याच दिवाळीत प्राप्त झाला आहे.

मी नॉक्सव्हिलमध्ये राहते. येथे टेनेसी विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक टोनी व्हायटेलो ऑक्टोबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर झाले. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी सांगते की, बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे सामान मोजणारा आणि हॉटेलच्या खोल्या वाटणारा गृहस्थ नव्हे. खेळाडूंसारखाच गणवेश चढवून बसणारा, कोणाला खेळवायचे आणि गोलंदाज केव्हा बदलायचा हे ठरवणारा तो मुख्य माणूस असतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून एक दिवसही न काढता महाविद्यालयातून थेट मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, मॅनेजरपदावर बसलेला हा पहिला माणूस आहे. ही गोष्ट अभिमानाचीच आहे आणि तो अभिमान दात न आवळता कसा वाटून घ्यावा, हे शिकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सणासुदीला बातम्या पाहू नयेत. आमच्याकडे ही बातमी धनत्रयोदशीला फुटली आणि पाडव्याला अधिकृत झाली. मधले दिवस गावातले निम्मे लोक जायंट्सच्या बातम्यांवर आणि उरलेले निम्मे सरावाच्या मैदानावर नजर ठेवून होते. आमच्या घरी त्या काळात करंज्यांचे दोन घाणे करपले, त्याची नोंद कुठल्याही क्रीडापत्रकाराने घेतलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षकाचे नाव छापलेला कपडा कधीही विकत घेऊ नये. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. पाडव्याची भेट म्हणून त्याच्यासाठी मी महिनाभर आधी एका संकेतस्थळावरून पाठीवर प्रशिक्षकांचे आडनाव असलेला नारिंगी शर्ट मागवला होता. तो नेमका पाडव्याच्या दुपारी, अधिकृत घोषणेनंतर काही तासांनी, दारात येऊन पडला. नाव छापलेला माल परत घेतला जात नाही, हे मला अत्यंत नम्र भाषेत आणि ठोकळेबाज वाक्यात तीन वेळा कळवण्यात आले. मुलाने शर्ट उलगडला, पाठीवरचे नाव वाचले, पुन्हा होता तशाच घडीत घातला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

करारावरची तारीख वाचू नये. 2024 साली टेनेसीने ओमाहामध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यानंतर व्हायटेलो यांच्याशी 2029 पर्यंतचा, वर्षाला सुमारे 30 लाख डॉलरचा करार झाला आणि ते महाविद्यालयीन बेसबॉलमधले सर्वाधिक वेतन घेणारे प्रशिक्षक ठरले. आम्ही भाबडेपणाने 2029 हा आकडा मनात धरून मुलाचे इयत्तांचे गणित मांडले, की म्हणजे हा हायस्कूलमध्ये पोहोचेपर्यंत तरी मैदानावर हाच माणूस असणार. वस्तुतः अशा करारातल्या शेवटच्या तारखेला लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीइतकाच अर्थ असतो. ती छापायची असते, पाळायची नसते, आणि मोडायची तर किती पैसे भरायचे हेही त्याच कागदात आधीच लिहून ठेवलेले असते.

स्वतः प्रशिक्षक असाल, तर पत्रकारांवर आधी खेकसावे. याचा आदर्श त्याच ओमाहात घालून दिला गेला. 24 जून 2024 रोजी आमच्या संघाने निर्णायक सामन्यात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला 6-5 असे हरवले. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत हरलेल्या संघाचे प्रशिक्षक जिम श्लॉसनेगल यांना एका वार्ताहराने पुढील नोकरीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी त्यालाच झापले आणि आपण ही नोकरी पुन्हा दुसरी नोकरी न करण्यासाठीच घेतली होती, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. दुसऱ्याच दिवशी ते टेक्सास विद्यापीठाचे, म्हणजे पिढीजात वैऱ्याचे, प्रशिक्षक होणार असल्याची बातमी आली. आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. दुसऱ्याच्या घरातला प्रशिक्षक पळतो तेव्हा तो विनोद असतो, आणि त्या हसण्याचे व्याज आम्ही आता फेडत आहोत, हे कबूल केले पाहिजे.

इतिहास वाचावा, मन शांत होते. बॉबी विंकल्स यांनी ॲरिझोना स्टेटला 1965, 1967 आणि 1969 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, मग ते एंजल्स या व्यावसायिक संघाकडे गेले, 1973 मध्ये तिथले मॅनेजर झाले आणि पुढच्याच वर्षी हंगामाच्या मध्यावर त्यांना घरी पाठवण्यात आले. डिक हाउसर यांनी 1979 मध्ये फ्लोरिडा स्टेटला एकच हंगाम प्रशिक्षण दिले, 1980 मध्ये यांकीज या व्यावसायिक संघाचे मॅनेजर म्हणून 103 सामने जिंकले आणि तरीही ती नोकरी वर्षभरातच संपली. त्यांचे नाव मात्र फ्लोरिडा स्टेटच्या मैदानाला आहे. ते तिथले नावाजलेले खेळाडूही होते, हे खरे. तरीही एक हंगाम शिकवून गेलेल्या माणसाचे नाव मैदानाला आणि तीस वर्षे तिथल्या खुर्च्या पुसणाऱ्याचे कशालाच नाही, यातून काय शिकायचे ते शिकावे. प्रवास उलटाही होतो, हे लक्षात ठेवले तर आणखी बरे वाटते. वेस जॉन्सन हे मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक जून 2022 च्या अखेरीस, संघ आपल्या गटात आघाडीवर असताना, ऐन हंगामात नोकरी सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले होते. म्हणजे सोडून जाणाऱ्यांना वर आणि खाली असा भेद नसतो.

नव्या मालकांच्या निष्ठेबद्दल काळजी करू नये. जायंट्सनी जुलै 2025 मध्ये आपले मॅनेजर बॉब मेल्विन यांचा करार पुढच्या वर्षासाठी पक्का केला आणि 81 विजय, 81 पराभव अशा चोख हिशेबानंतर सप्टेंबर संपता संपता त्यांना काढून टाकले. तिथले प्रमुख बस्टर पोझी हे स्वतः त्या संघाचे तीन वेळचे विजेते खेळाडू आहेत, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नाही. महाविद्यालयात नियमित हंगाम सुमारे 56 सामन्यांचा आणि बॅट धातूची. तिथे सामने 162, बॅट लाकडाची आणि खेळाडू स्वतःच्या मॅनेजरपेक्षा कितीतरी पट पगार घेणारे. आमच्या माणसाला तिथे यश मिळो, ही सदिच्छा मी एकदाही दात न आवळता लिहिली आहे, याची नोंद घ्यावी.

कारण माणूस खरोखर गोड होता. 2022 मध्ये पंचाच्या छातीला छाती भिडवल्याबद्दल त्यांच्यावर चार सामन्यांची बंदी आली, तेव्हा त्यांनी दोन डॉलरला एक अशी छातीला छाती भिडवण्याची विक्री मांडून ते पैसे धर्मादाय कामाला दिले. 2024 च्या त्या निर्णायक सामन्यात आमचा हंटर एन्स्ली धाव पूर्ण करायला होम प्लेटवर पोहोचला, तेव्हा यष्टिरक्षकाचा हात चुकवण्यासाठी त्याने हवेतच अंग असे काही पिळले, की आमच्या दिवाणखान्यात सोफ्यावरून पडलेला मुलगा तसाच पडून तो क्षण पुन्हा पुन्हा करून दाखवत राहिला. असा संघ ज्याने उभा केला, त्याच्यावर रागावता येत नाही. त्याने फसवले असेही मी म्हणणार नाही. त्याला मोठी नोकरी मिळाली, तो गेला. मी स्वतः मिरज सोडून इथवर आलेली आहे आणि निष्ठा या विषयावर माझे तोंड फारसे उघडू नये, असे आमच्या घरातून मला अधूनमधून सुचवले जाते.

तेव्हा शेवटचा सल्ला असा की, फराळाला गेल्यावर बेसबॉलचा विषय काढू नये. आम्ही भाऊबीजेच्या दिवशी एका घरी गेलो होतो. तिथे एक काका असतात. प्रत्येक गावात असतात. मुलगा कोपऱ्यात चकली कुरतडत बसला होता. काकांनी त्याला जवळ बोलावले, पाठीवर हात ठेवला आणि सांगितले, “बाळा, यात रडण्यासारखे काय आहे? माणसाने प्रगती करायची असते. व्यवहार कळायला शिक.” वाक्य शहाणपणाचे आहे, मी त्यावर काहीच बोलले नसते. परंतु याच काकांनी गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालून दुसऱ्या विद्यापीठात गेला, तेव्हा याच सोफ्यावर बसून, याच ताटातला चिवडा खात, तो खाल्ल्या मिठाला जागला नाही, असे अर्धा तास सांगितले होते. ज्याला मीठ घातले, तो पोरगा वीस वर्षांचा. त्याने कोणते मीठ खाल्ले होते? हंगामातले निम्मे सामने तो बाकावर बसून होता. त्याचा खांदा एकच, त्याची महाविद्यालयातली वर्षे चारच, त्यातले एक वाया गेले तर ते भरून देणारा कोणी नाही, त्याच्या कागदावर सोडून जाण्याची भरपाई नवा मालक भरेल असे कलम नाही, आणि तरीही तो गेला की तो गद्दार, भाडोत्री, संस्कार नसलेला. प्रशिक्षक 2029 पर्यंतची सही करून सव्वा वर्षात गेला, तर तो प्रगती करणारा. हा कुठला हिशेब आहे? आणि आमच्याच संघाचे 2025 चे सर्वोत्तम खेळाडू कुठून आले होते, हे काकांना ठाऊक आहे. लियम डॉयल मिसिसिपीहून आला, गॅव्हिन किलेन लुइव्हिलहून आला, दोघेही आपला आधीचा संघ सोडून आले होते, त्या वेळी आपण त्यांना मिठाचा हिशेब विचारला नाही, उलट त्यांच्या नावाने टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. त्याच किलेनला जुलैमध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत जायंट्सनीच तेराव्या क्रमांकावर निवडले आणि तीन महिन्यांनी त्यांनी प्रशिक्षकही नेला. म्हणजे मालक तेच, दुकान तेच, रस्ता तोच. एकाला पोरगा म्हणून शिव्या आणि दुसऱ्याला साहेब म्हणून हार.

आता सल्ले पुरे झाले.

प्रशिक्षक गेला, त्याचे मला दुःख नाही, किंवा आहे, पण ते माझे मी पाहीन. ज्या शाळकरी मुलांच्या घरी प्रशिक्षक स्वतः जाऊन जेवतात, आईच्या हातचे कौतुक करतात आणि तुमचा मुलगा मी सांभाळीन म्हणून शब्द देतात, त्या मुलांचा विचार या संपूर्ण आठवड्यात कोणी केला? ती मुले ऑगस्टमध्ये वसतिगृहात सामान टाकून, वर्ग सुरू करून, त्याच माणसाच्या हाताखाली शरद ऋतूतला सराव करत होती. माणूस बदलला की त्यांना संघ बदलण्याची ठरावीक दिवसांची मुदत मिळते, म्हणजे ऐन सत्रात आयुष्याचा निर्णय घ्या, असे त्यांना सांगायचे आणि घेतला की निष्ठेवर प्रवचन झोडायचे. जॉश इलँडर हे जुने सहायक प्रशिक्षक लगेच त्या जागी आले म्हणून बहुतेकांना दिलासा मिळाला. तो त्या मुलांच्या नशिबाचा भाग होता, तुमच्याआमच्या शहाणपणाचा नव्हे.

आणि काका, आपण वयाने मोठे आहात, म्हणून त्या दिवशी मी काही बोलले नाही. बारा वर्षांच्या मुलाला व्यवहार शिकवायला आपल्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला व्यवहार कळतो. शर्टाची घडी कशी घालायची तेही त्याला कळले. आपल्याला लाज कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एखादा पोरगा संघ सोडून गेला आणि आपण त्याला माझ्यासमोर गद्दार म्हणालात, तर मी आपल्यापुढचे फराळाचे ताट उचलून आत नेईन, आणि चहाही टाकणार नाही.