कापसावरची पांढरी माशी आणि उसावरची: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘पांढरी माशी कापूस, मिरची, टोमॅटोवरची. गवतवर्गातल्या पिकांवर ती येतच नाही. उसावरच्या पांढऱ्या माशीवरचा तुमचा लेख उगाच घाबरवतो, वर औषधाचं नावही देत नाही,’ असा तुमचा आक्षेप.

अर्धा मान्य. कापसावरची माशी, बेमिसिया टबाकी, शेकडो वनस्पतींवर जगते, पण मका-ज्वारीवर तिचा संसार फारसा जमत नाही. म्हणून तर मिरचीभोवती मक्याच्या ओळी लावतात. मी नुसतं ‘पांढरी माशी’ लिहून मोकळा झालो, ती चूक माझी. दुरुस्त केली आहे.

पण ऊसही गवतच, आणि त्यावरची जात वेगळी: अल्युरोलोबस बारोडेन्सिस. नावातच बडोदा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या भातावर आणखी तिसरीच सापडते.

उसाचं पान उलटं करून पाहा. पांढरं काही शोधू नका. काळे, चपटे, लंबगोल ठिपके दिसतील, कडेला मेणाची बारीक झालर. ती पिल्लं. अंड्यातून निघाल्यावर थोडं रांगतात, मग एकदा सोंड रुतवली की पंख फुटेपर्यंत जागची हलत नाहीत. (माशी म्हणतो खरं, पण ती माशी नाहीच, मावा आणि खवले किडीच्या गोतातली.) पिंजलेल्या कापसासारखं पांढरं दिसलं तर तो लोकरी मावा, वेगळीच कीड. किडीने पानावर सोडलेल्या चिकट्यावर काजळी (काळी बुरशी) दोघांमुळेही धरते, त्यामुळे नुसत्या काजळीवरून निदान करू नका.

औषधाचं नाव मुद्दाम टाळलं. ही कीड वाढते ती पाणी साचणाऱ्या तुकड्यात, नत्र कमी पडलेल्या पिवळ्या उसात, खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) जास्त. रसशोषक किडी हिरव्यागार पिकावर तुटून पडतात असं आपण धरून चालतो, इथे उलटं. आधी चर काढून पाण्याचा निचरा करा, नत्राचा राहिलेला हप्ता द्या. डोक्यावर गेलेल्या उसात पानाच्या खालच्या बाजूला फवारा पोचतो तरी कुठे?

आणि फवारण्याआधी भिंगातून रिकामे कोष बघा. माशी बाहेर पडते ती टी अक्षरासारख्या चिरेतून. गोल भोक असेल तर तिथून चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी निघाली आहे, या किडीच्या पिल्लांवरच पोसणारी, म्हणजे आपली मित्र. गोल भोकं बरीच असतील तर फवाऱ्याने पहिल्यांदा तीच मरेल.

तुमच्याकडे पानाच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो असेल तर टाका, चीर आहे की भोक ते बघून सांगतो.