समृद्धीवर जाताना टायरची हवा कमी करा? मुळीच नको

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो: “समृद्धी महामार्गावर चढण्याआधी चारही टायरची हवा ५ पीएसआयने कमी करा. सिमेंटचा रस्ता तापतो, हवा फुगते आणि टायर फुटतो. जमलं तर नायट्रोजन भरा, तो तापत नाही. बाकी ४० हजार किलोमीटरपर्यंत टायरकडे बघायची गरज नाही.” यात खरं एवढंच आहे की तापल्यावर आतला दाब वाढतो.

किती वाढतो? ३० अंशांना ३३ पीएसआय भरले आणि पळून पळून आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब ३८ च्या आसपास जातो. कारच्या टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१. धडधाकट टायर नुसत्या दाबाने फुटायचा तर त्याहून कितीतरी जास्त दाब लागतो. शिवाय कंपनीने सांगितलेले ३३ हे थंड टायरचे असतात, चालताना होणारी वाढ त्यात आधीच धरलेली असते.

मग टायर का फुटतात? जुनाट किंवा मार बसलेले टायर सोडले, तर बरेचदा हवा कमी असते म्हणून. कमी हवेचा टायर रस्त्याला टेकतो तिथे जास्त दबतो, त्याची बाजूची भिंत वाकते आणि वर गेली की सरळ होते. १८५/६५ आर १५ मापाचं चाक ताशी १२० च्या वेगाला सेकंदाला साधारण १७ वेळा फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळा हे वाकणं-सरळ होणं चालतं. त्यातून रबर आतून तापतं. शहरात सिग्नल, गतिरोधक, गर्दी यात त्याला उसंत मिळते. समृद्धीवर तासन्‌तास वेग तोच. तापलेल्या रबराची आतल्या दोऱ्यांवरची आणि तारांच्या पट्ट्यावरची पकड सुटत जाते, आणि मग नक्षीचा पट्टाच सोलून निघतो किंवा भिंत फाटते. मेसेज ऐकून ५ पीएसआय सोडणारा नेमकी हीच तयारी करून निघतो!

रस्त्यालाही उगाच दोष नको. सिमेंटचा पांढुरका रस्ता काळ्या डांबरापेक्षा उन्हात कमी तापतो.

हवा कमी ठेवून गाडी चालवली होती का, हे टायरच सांगतो. दोन्ही कडा घासलेल्या आणि मधली नक्षी शाबूत, तर हवा कमी होती. मधोमध घासला असेल तर जास्त होती. एकच कड खाल्ली असेल तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन नीट, करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फायदा इतकाच की तो कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो. विमानात वापरतात ते आगीचा धोका आणि ओलावा टाळायला. भरलात तर बिघडत नाही. बिघडतं ते “नायट्रोजनवाला भेटला की भरू” म्हणून आठवडाभर कमी हवेवर गाडी हाकल्याने. खुशाल साधी हवा टाका, दोन्ही मिसळल्याने काही होत नाही.

दाब मोजायचा तो सकाळी, गाडी किमान ३ तास उभी असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर बघा. टायरवर छापलेला कमाल आकडा भरायचा नसतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या, मागच्या चाकांना तो बऱ्याच गाड्यांत जास्त असतो. वाटेत मोजल्यावर आकडा वाढलेला दिसेल, पण तापलेल्या टायरची हवा सोडू नका. तापलेल्या टायरमध्ये भरावीच लागली तर स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा धरला तर आतली पिन बदला आणि टोपण लावायला विसरू नका.

राहिले ४० हजार किलोमीटर. नक्षीच्या खाचांत तळाशी बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला, मग मीटर काहीही दाखवो. उलट गाडी वर्षाला ५ हजारच पळत असेल तर नक्षी छान दिसते, पण रबर कडक होऊन चिरा पडतात. कडेवरच्या चार आकड्यांत वय असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. १० वर्षं झाली की नवा दिसला तरी काढा. खड्ड्यात आपटून भिंतीवर फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले असतात. त्याला पॅच नाही, टायर बदलायचाच. आतल्या बाजूचा फुगा उभ्याने दिसत नाही, पुढच्या चाकांचा स्टिअरिंग पूर्ण वळवून बघावा लागतो.

एवढं करूनही फुटलाच तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरला की कडेला घ्या. आणि निघण्याआधी स्टेपनीची हवाही मोजा, मेसेजमध्ये तिचं नावच नाही. ती बारीक चाकाची असेल तर तिच्यावर बहुधा ८० ची वेगमर्यादा लिहिलेली असते. तेवढ्याच वेगाने पुढच्या इंटरचेंजला उतरा आणि तिथे टायरचं बघा.