वॉर्डात खेकसायला कोण शिकवतं?
2019 पासून एमबीबीएसला एटकॉम आहे, म्हणजे पेशंटशी कसं बोलायचं, संमती कशी घ्यायची याचे रीतसर तास. आणि वॉर्डात काय शिकतो पोरगा? मेळघाटातून बस बदलत बदलत आलेल्या कोरकू म्हातारीवर सगळ्यांसमोर खेकसायचं, "इतके दिवस झोपली होती काय गं?" ती साठीची, हा तेविशीचा, तरी 'गं'! पेशंटला तर नावच नाही, "बारा नंबरचं पॉयझन". अरे बाप्पा, पऱ्हाटीवर फवारता फवारता विषबाधा झाली त्या माणसाला, नाव आहे त्याला, बायको बाहेर पायरीवर बसलीय त्याची!

सिनियर करतो म्हणून ज्युनियर करतो, बस. प्रश्न विचारला की "लय हुशार झाला का", झोप आली म्हटलं की "आम्ही नाही का केलं". निवासी डॉक्टरांना सलग 12 तासांच्या वर ड्यूटी शक्यतो नको हे 1992 पासून कागदावर आहे, पाळतं कोण? दोन दिवस न झोपलेल्या पोरानं गोड बोलायचं तरी कसं? आणि सर, तुम्ही राउंडला तिथंच उभे होते ना, ती म्हातारी खाली मान घालून ऐकत होती तेव्हा? मग काहून नाही बोलले त्याला?